ल्हानी बसायला झाली

लग्न होऊन निलंग्याकडच्या या गावात आले, तेव्हा सासरच्या गोठ्यात बैल आणि म्हशींच्या पलीकडं एक घोडी बांधलेली होती. गावात घरोघरी मोटारसायकली आल्या होत्या, पण माझे सासरे शेताकडं निघायचे ते घोडीवरच. उसाच्या दोन फडांमधल्या वाटेनं त्यांचा पांढरा रुमाल तेवढा वर दिसायचा. आता घोडी कशाला पोसायची, असं घरात अधूनमधून कुणीतरी म्हणायचं. सासरे ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरारा घेऊन पुन्हा तिचं अंग घासायला लागायचे.

माझं माहेर अर्धापूरकडचं, केळीच्या मळ्यातलं. वडिलांकडं घोडी होती, आणि मी कळत्या वयाच्या आधीपासून तिच्या पाठीवर बसत आले. आधी वडिलांच्या पुढ्यात, मग एकटी. खोगीर नाही, लगाम नाही, नुसती तोंडावरच्या मोहरकीची दोरी हातात. दहावीत गेले तेव्हा चुलतीनं सांगितलं, आता पुरे. पुढं घोडी विकली गेली आणि तो विषय संपला. सासरी मी हे कुणाला सांगितलं नाही. नव्या सुनेनं काय सांगायचं, की मला घोडीवर बसता येतं? भाकरी येते का, असं सगळ्यांनी विचारलं होतं. घोडीचं कुणी विचारलं नाही.

चारापाणी मात्र हळूहळू माझ्याकडं आलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांनी एकदा मला घोडीजवळ जाताना पाहिलं. मी सवयीनं खांद्याच्या बाजूनं गेले, आधी आवाज दिला, मग हात लावला. मामा म्हणाले की तुला जनावराजवळ जायची रीत ठाऊक दिसते. मी मान हलवली आणि पेंढी सोडायला लागले. त्यांनी पुढं विचारलं नाही.

माझी मुलं शाळेत जायला लागली त्या सुमाराला घोडी गाभण राहिली. ती व्याली तेव्हा हरभऱ्याला घाटे धरले होते. मी पहाटे धार काढायला गेले तर गोठ्यात शिंगरू पडलेलं, ओलं, लांबच लांब पायांचं गाठोडं. मी पोत्यानं त्याचं अंग पुसलं. मामा धावत आले आणि उकिडवे बसून राहिले. शिंगरानं चार-पाचदा उठायचा प्रयत्न केला, दर वेळी एखादा पाय भलतीकडंच जायचा. शेवटी ते उभं राहिलं आणि थरथरत आईच्या पोटाखाली शिरलं. मादी होती. रंग कुमैत, म्हणजे काळसर तांबडा, कपाळावर पांढरा चांदवा आणि मागचा एक पाय घोट्यापर्यंत पांढरा. तिला आम्ही ल्हानी म्हणायला लागलो, आणि तिची आई त्या दिवसापासून मोठी झाली.

ल्हानी वर्षाची होऊन गेली असेल, तेव्हा मामा गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं की चालता येईल, पण घोड्यावर बसणं विसरा. घरी आल्यावर मामांनी एकच गोष्ट मागितली: गोठ्यामागच्या मोकळ्या आवारात कडुलिंबाखाली खुर्ची. वॉकर बाजूला ठेवून ते सकाळ-संध्याकाळ तिथं बसायला लागले आणि ल्हानीकडं बघत राहिले.

ल्हानीला शिकवायचं वय झालं होतं आणि शिकवणारा खुर्चीत होता. माझे मालक निलंग्याला शाळेत शिक्षक. ते सकाळीच निघायचे, आणि घोड्यांपासून ते तसेही चार हात लांबच राहत. धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, त्यांचा टेंपो होता. तूर, सोयाबीन भरून ते सारखे लातूरच्या धान्याच्या मोंढ्यात जायचे. राहता राहिले मी. तसं कुणी ठरवलं नाही. एक दिवस मामांनी खुर्चीतून सांगितलं की तिचा पुढचा पाय उचलून बघ, आणि मी उचलला. दुसऱ्या दिवशी मागचा सांगितला. मग मोहरकी घालून चालवणं, थांब म्हटल्यावर थांबवणं, लांब दोरावर फेर देणं, असं एकेक माझ्या अंगावर येत गेलं. मामा कधी आवाज चढवत नसत. माझं चुकलं की ते आपल्या मांडीवर हळूच थाप मारायचे, आणि मी दोर सैल करायची.

ल्हानीचे दुधाचे पहिले दोन दात पडले तशी गावात चर्चा सुरू झाली. आमच्याकडं बैलासारखंच घोड्याचंही दातावरून ठरवतात. दोन दाती झालं की बसा, असं बहुतेकांचं म्हणणं. भावजींनी तर मनाशी पक्कं केलं होतं की येत्या माळेगावच्या जत्रेत, जिथं घोड्यांचा मोठा बाजार भरतो, ल्हानीवर स्वार होऊन फिरायचं. तिच्यावर त्यांचा जीव होता, हे खोटं नाही. लातूरहून येताना ते मुलांना खाऊ विसरतील, पण ल्हानीला गूळ आणायला विसरायचे नाहीत. तिचा डौल चार लोकांनी बघावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते लवकर हवं होतं.

मामांनी नाही म्हटलं. त्यांनी मला ल्हानीच्या गुडघ्यावरून अंगठा फिरवायला लावला. गुडघ्याच्या थोडं वर, हाड जिथं रुंद होतं तिथं, मऊशी खाच लागत होती. मग मोठीच्या गुडघ्यावरून फिरवायला लावला. तिथं सगळं एकसारखं, दगडासारखं. मामा म्हणाले की ही खाच भरल्याशिवाय वजन घालायचं नाही, आणि पाठ तर सगळ्यांत शेवटी पिकते. गुरांचे डॉक्टर लस द्यायला आले तेव्हा मी त्यांनाही विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं, म्हणाले हाडं अजून वाढताहेत, घाई करू नका. शेजारच्या गावात एकानं आपलं शिंगरू दोन दाती असतानाच वरातीत नाचवायला काढलं होतं. वर्षभरात त्याचे पुढचे पाय सुजून ते बसकण मारायला लागलं होतं. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, भावजींनीही. पण आपल्या जनावराला तसं होणार नाही असं माणसाला वाटतंच.

जत्रेला थोडे दिवस उरले असताना मामा तपासणीसाठी लातूरला गेले. सोबत माझे मालक. त्या सकाळी मी गोठ्यामागं ल्हानीला फेर देत होते, अंगात साडीवर शेतात घालतात तो लांब बाह्यांचा शर्ट. टेंपो येऊन थांबला. भावजी उतरले, त्यांचे दोन मित्र उतरले आणि मागून खोगीर घेऊन एक पिकल्या मिशांचा माणूस उतरला. औशाकडचा नावाजलेला स्वार होता तो. नवी घोडी पहिल्यांदा बसून द्यायला लोक त्याला लांबून बोलवत. भावजींनी मला दोर मागितला.

मी म्हटलं, “भावजी, तिच्यावर आज कुणी बसायचं न्हाई.”

त्यांनी समजावून सांगितलं की हे नुसतं बघण्यापुरतं आहे, स्वार अंगानं हलका आहे, दोन चकरा मारून उतरेल. मी दोर दिला नाही. मामा संध्याकाळी येतील, त्यांना विचारा, असं म्हटलं. मित्र एकमेकांकडं बघायला लागले. सासूबाई ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला. पाहुण्यांसमोर वहिनी अडवते, हे भावजींना लागलं.

ते म्हणाले, “वयनी, तुमी चारा घालता, पानी दावता, ते समदं खरं. पर बसायचं कवा हे कळायला माणसानं बसलेलं पायजे.”

मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मी ल्हानीला लिंबाला बांधलं, मोठीचं दावं सोडलं आणि तिला पाण्याच्या हौदाजवळ नेलं. पदर कमरेला खोचला, साडी वर घेतली, हौदाच्या काठावर चढले आणि तिच्या पाठीवर बसले. खोगीर नव्हतं. लगाम नव्हता. हातात मोहरकीची दोरी, पंधरा वर्षांची असताना होती तशी. पहिल्या क्षणाला मला एवढंच वाटलं की आता सगळ्यांच्या देखत पडले तर या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मग मोठी चालायला लागली आणि माझी कंबर आपोआप तिच्याबरोबर हलायला लागली. मी टाचा दाबल्या. ती दुडक्या चालीनं आवाराच्या बाहेर पडली. हरभऱ्याच्या बांधाला लागल्यावर मी पुढं वाकले आणि तिला सोडलं. मोठीचं वय झालं होतं, तरी ती चौखूर धावली. वारा कानात भरला. खुरपणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. चिंचेपाशी वळवून मी तिला तशीच परत आणली आणि भावजींच्या समोर उभी केली. धाप मला लागली होती, तिला नाही.

मी वरूनच म्हटलं, “बसू नका म्हणत न्हाई मी. थांबा म्हनते.”

तो औशाचा स्वार ल्हानीजवळ गेला. त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, पाठीच्या कण्यावरून बोटं नेली, तोंड उघडून दात पाहिले. मग खोगीर उचलून परत खांद्यावर टाकलं. म्हणाला, “बाई बरूबर बोलायल्यात. कच्ची हाय. म्या न्हाई बसत.” आणि टेंपोत जाऊन बसला.

मी मोठीवरून उतरले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या ओट्यावरून उठल्या, माझ्या शर्टावरचे घोडीचे केस झटकले आणि म्हणाल्या की रानातल्या बायांनी सगळं बघितलंय. मला वाटलं आता पुढं बोलणी बसणार. पण त्या आत गेल्या. जेवताना मात्र माझ्या ताटात त्यांनी न विचारता लोण्याचा गोळा टाकला.

मामांना गावात शिरायच्या आधीच कळलं होतं. एसटीतून उतरल्यावर पारापासून घरापर्यंत जो भेटला त्यानं त्यांना ही गोष्ट सांगितली. ते आले, खुर्चीत बसले आणि मला बोलावलं.

“किती वरसं दडवून ठेवलंस हे?”

“दडवलं न्हाई मामा. कुणी इच्यारलं न्हाई.”

ते मोठीचं दावं बोटांत फिरवत होते. मग म्हणाले, “उद्यापासून मोठीला तू फिरवायचं. आन् ल्हानीवर पयल्यांदा तूच बसायचं. ती तुलाच वळकती.”

मी त्या संध्याकाळी भाकरी थापताना दोन भाकरी जाळल्या. चुलीपुढं बसून मला हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी माझ्या पेटीतून लग्नाआधीचे पंजाबी ड्रेस काढून दिले. साडीवर बसून पडशील, म्हणाल्या. बोलायचं ते लोक बोलणारच, मग निदान नीट बसून तरी बोलू देत. तेव्हापासून मी रोज सकाळी मोठीवर बसून शेताकडं जायला लागले आणि ल्हानीला दोरावर शेजारून चालवायला लागले. आईबरोबर तिनं ओढ्याचं पाणी ओलांडलं, पुलाचा आवाज ऐकला, कुत्र्यांना सोसलं. पहिले काही दिवस पारावरची माणसं बोलायची थांबून बघायची. मग सवय झाली. एक म्हातारी तर रोज दारात उभी राहायची आणि मी दिसले की पदर सावरून हात वर करायची.

भावजी जत्रेला एकटेच जाऊन आले. घरात माझ्याशी मोजकं बोलायचे. मग साखर कारखान्यांचा हंगाम भरात आला, आणि उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं धडधडत जायला लागले. ल्हानी त्या आवाजाला फार भ्यायची. एकदा दोर हिसकून ती पार उसात घुसली. मी भावजींना जाऊन म्हटलं की तुमचा टेंपो आवारात आणून चालू ठेवाल का, आणि गाणीही लावा. ते आले. पहिल्या दिवशी टेंपो लांब उभा केला, मग रोज थोडा जवळ. ल्हानी फुरफुरायची, गोल फिरायची. असं करता करता एक दिवस ती टेंपोपाशी गेली आणि खिडकीतून आत तोंड घालून भावजींच्या मांडीवरची गुळाची पुडी ओढून घेतली. भावजी हसले, मी हसले. त्यानंतर ते रोज यायला लागले, टेंपो नसला तरी.

तिच्या पाठीवर आधी घोंगडी टाकली. मग रिकामं पोतं, मग थोडं भुसा भरलेलं. पहिल्यांदा खोगीर घालून पोटाचा पट्टा आवळला तेव्हा तिनं चारी पाय उचलून अशी उडी घेतली की खोगीर तिच्या पोटाखाली गेलं आणि पाय ठेवायची रिकीब तुटली. मामा म्हणाले, सोड आज. आम्ही पुन्हा घोंगडीपासून सुरुवात केली. असा पावसाळा गेला, दसरा गेला. ल्हानीचं तिसरं कधीच सरलं होतं, दातांची दुसरी जोडीही पडून नवी येत होती. गुडघ्याची खाच हाताला लागेनाशी झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता हलकं माणूस बसायला हरकत नाही.

मामा म्हणाले, उद्या बस.

मी रात्री झोपण्याआधी ल्हानीपाशी जाऊन आले. पंधरवडाभर मी तिच्या पाठीवर पोटावर आडवी पडत होते, पाय जमिनीवरून उचलून, नुसतं वजन द्यायला. ती हलत नसे. खुर्चीतून बघणाऱ्याला वाटावं की कशी शहाण्यासारखी उभी आहे. पण माझं पोट तिच्या पाठीला टेकलेलं असायचं आणि मला कळायचं की ती श्वास धरून उभी आहे. मी उतरेपर्यंत ती तो सोडायची नाही. पाठ फळीसारखी ताठ व्हायची. ती सहन करत होती, आणि ज्या दिवशी सहन होणार नाही त्या दिवशी काय होईल ते तुटलेल्या रिकिबीनं सांगितलं होतं.

सकाळी मी मामांना म्हटलं की अजून थोडं थांबू.

त्यांना आधी खरं वाटलं नाही. मग ते चिडले. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. हाडं झाली, दात झाले, डॉक्टर हो म्हणाला, मी हो म्हणालो, आता कुणाचं हो राहिलं, असं ते म्हणाले. मी श्वासाचं सांगितलं. त्यांनी मान झटकली. आणि मग वॉकरच्या दांडीवर हात आपटून म्हणाले, “म्या किती दिस बगत बसायचं गं? खुर्चीतला माणूस म्या. उद्याचं कुणी बगितलंय?”

तेव्हा मला कळलं की घाई कशाची होती. ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली होती, त्यांचं चालणं सुधारायच्या ऐवजी कमी होत चाललं होतं, आणि ते कुणाशी त्याबद्दल बोलत नव्हते. मला हो म्हणावंसं वाटलं. त्यांच्यासाठी एकदा बसून टाकावं, काय व्हायचं ते होवो, असं अगदी जिभेवर आलं. पण ल्हानी तिथंच उभी होती, मामांच्या आवाजानं कान मागं टाकून.

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. म्हटलं, “मामा, तुमीच शिकवलंय मला. आज तुमचं ऐकलं तर तुमचं शिकवलेलं मोडतंय.”

त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी जेवले अर्धंच. आत्यांनी मला खुणेनं विचारलं, मी खुणेनं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवारात गेले तर मामा ल्हानीजवळ होते. वॉकर टेकवत एकटेच तिथपर्यंत गेले होते. एक हात वॉकरवर, दुसरा तिच्या बरगडीवर. मला बघून म्हणाले की माझ्या हातालाही कळतंय, मी घोंगडी सरकवली की हिचा श्वास अडकतो. “तुझं बरूबर हाय,” ते म्हणाले. “खुर्चीतून हे दिसत न्हाई.” त्या दिवसापासून त्यांनी खुर्ची लिंबाखालून हलवून आवाराच्या मधोमध आणायला लावली, आणि रोज मी आडवी पडले की ते तिच्या बरगडीवर हात ठेवून उभे राहायचे, जितका वेळ उभं राहवेल तितका. तसं करता करता त्यांचं उभं राहणं वाढत गेलं.

दिवाळी होऊन गेली. एका सकाळी रानावर धुकं होतं, आणि मी काही ठरवून गेले नव्हते. ल्हानी कडबा खात होती. मी घोंगडी टाकली, खोगीर ठेवलं, पट्टा आवळला. ती खातच राहिली. मी तिच्या पाठीवर आडवी पडले. तिनं मान वळवली, माझ्या लोंबकळणाऱ्या पायाचा वास घेतला, एक लांब श्वास सोडला, सगळं पोट हललं, आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. तिच्या चावण्याचा आवाज मला पोटाला लागत होता.

मी खाली उतरले आणि मामांकडं पाहिलं. त्यांचा हात तिच्या बरगडीवरच होता.

“आज,” मी म्हटलं.

“व्हय,” ते म्हणाले. “आज.”

भावजींना हाक मारली. ते दात घासत होते, तसेच आले. त्यांनी दोर धरला. आत्या दारात आल्या, माझे मालक शाळेला निघालेले, डबा हातात घेऊन तिथंच थांबले. मी रिकिबीत पाय टाकला, वजन दिलं, थोडं थांबले, आणि पाय पलीकडं टाकून हलकेच बसले. ल्हानीचे कान मागं आले, माझ्याकडं. तिची पाठ एकदा उचलल्यासारखी झाली. मी काही केलं नाही, तिच्या मानेवर हात ठेवून बोलत राहिले, काय बोलत होते ते आठवत नाही. कान पुढं गेले. भावजींनी दोर जरा ओढला आणि तिनं पाऊल टाकलं. मग दुसरं. माझ्याखाली एक कोवळं, गरम, जिवंत अंग चाचपडत चाललं होतं, मूल पहिल्यांदा डोक्यावर घागर घेऊन चालतं तसं. आवाराला एक फेरा झाला. मामांसमोर आल्यावर मी तिला थांब म्हटलं आणि ती थांबली. मी उतरले. खोगीर काढलं. एवढंच केलं त्या दिवशी. मामांनी वॉकर सोडून दोन्ही हातांनी ल्हानीचं तोंड धरलं आणि तिच्या कपाळावरच्या चांदव्याला आपलं कपाळ टेकवलं. मालक त्या दिवशी शाळेत उशिरा पोचले.

त्यानंतर सगळं सोपं झालं. ती रोज थोडं जास्त चालली. दोर सुटला. लगाम आला. जत्रेच्या आधी ती रस्त्यानं एकटी माझ्याखाली जायला लागली होती, आणि एकदा समोरून एसटी आली, ड्रायव्हरनं हळू केली तरी सवयीनं हॉर्न दिला, तेव्हा ल्हानीनं फक्त एक कान हलवला.

माळेगावला आम्ही सगळे गेलो. ल्हानीला भावजींच्या टेंपोत गवताच्या थरावर उभं केलं, मामा पुढं केबिनमध्ये, मी मागं तिच्याजवळ. जत्रेत घोडेच घोडे होते. काळे, पांढरे, अबलख, झुली घातलेले, आरशाच्या लगामांचे. ढोल वाजत होते, भंडारा उडत होता. मला वाटलं होतं ती बिथरेल. मी तिला तासभर नुसतं हातात धरून फिरवलं, सगळं बघू दिलं. मग मोकळ्या मैदानाच्या कडेला मामांनी माझ्याकडं बघून मान हलवली, आणि मी चढले.

आधी चालवलं. मग दुडकी. लोक बाजूला सरत होते, काहीजण हसले, बाई बसलीय म्हणून. पलीकडच्या टोकाला वळवल्यावर समोर सगळं मैदान रिकामं दिसलं. मी टाचा दाबल्या नाहीत, फक्त लगाम सैल केला. ल्हानी स्वतःहून निघाली. तिचा पहिला चौखूर. मोठीसारखा सरळ नाही, जरा अवखळ, मधेच लांब झेप घेणारा, पण अगदी हलका. मी पुढं वाकले. तिची आयाळ माझ्या तोंडावर येत होती. धुरळा, भंडारा, उन्हात चमकणारे आरसे, सगळं मागं पडत गेलं. हसणाऱ्यांच्या कडेनं आम्ही गेलो तेव्हा ते हसत नव्हते. मैदानाच्या टोकाला मी नुसतं अंग मागं रेललं, आणि ती थांबली. तोंडाला फेस नव्हता, पाय चारी सरळ. भावजी गर्दीतून धावत येत होते, हात वर करून, काय ओरडत होते ते ढोलात ऐकू आलं नाही.

मामांपाशी एक व्यापारी उभा होता. घोडी द्यायची का, असं विचारत होता. मामा म्हणाले, “इकायची न्हाई. आन् इकली तरी तुमाला बसता येनार न्हाई. ती सुनेची चाल शिकलीय.”

परतताना अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. ल्हानी टेंपोत कडबा खात होती. माझे पाय असे आखडले होते की मला चढताच येईना, भावजींनी हात देऊन वर घेतलं. आत्या माझ्याबरोबर मागं बसल्या. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली, माझी सलवार गुडघ्यापर्यंत वर सारली आणि हलत्या टेंपोत माझ्या पोटऱ्या चोळायला लागल्या. जोरात चोळत होत्या, दुखत होतं, पण मी हात मागं घेऊ दिला नाही. “बाई बाई,” त्या म्हणाल्या, “काय पळवलीस.” आणि मग बराच वेळ, निम्मी वाट सरेपर्यंत, त्या आपल्याशीच हसत राहिल्या.